होमर, कुऱ्हाड आणि बंद पडलेला टीव्ही : ‘द सिम्पसन्स’चा १९९४ चा हॅलोविन भाग

निवांत_दुपार

ऑक्टोबर संपत आला की मी न चुकता बावीस मिनिटांचा एक भाग पुन्हा बघते. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेच्या सहाव्या सीझनमधला ‘ट्रीहाऊस ऑफ हॉरर ५’. अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर तो ३० ऑक्टोबर १९९४ ला लागला होता. मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात असताना, स्टार वर्ल्डवर, आणि त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं. तरीही बर्फात बसल्या जागी गोठलेलं ते पिवळं कुटुंब मनात घर करून राहिलं. काल रात्री पुन्हा पाहिला आणि आता यावर सविस्तर लिहायचंच असं ठरवलं. पुढे सगळं कथानक उघड केलं आहे, तेव्हा पाहिला नसेल तर आधी बघून या.

थोडी पार्श्वभूमी. १९९० पासून ही मालिका दर वर्षी एक भाग हॅलोविनसाठी राखून ठेवते. २०२४ मध्ये पस्तिसावा झाला. प्रत्येकात तीन सुट्या गोष्टी. पहिल्या वर्षी सिम्पसन घरातली मुलं बार्ट आणि लिसा खरोखरच झाडावरच्या घरात बसून एकमेकांना भुताच्या गोष्टी सांगतात, त्यावरून हे नाव पडलं. या भागांत स्प्रिंगफील्ड गावाचे नेहमीचे नियम चालत नाहीत. कुणीही मरू शकतं, गाव नष्ट होऊ शकतं, आणि पुढच्या आठवड्यात सगळे जिथल्या तिथे.

पाचव्या भागाचा दिग्दर्शक जिम रीअर्डन. पहिली गोष्ट बॉब कुशेलने लिहिली, दुसरी ग्रेग डॅनियल्स आणि डॅन मॅग्रा यांनी, तिसरी डेव्हिड कोहेनने.

मला ज्याबद्दल बोलायचं आहे ती पहिली गोष्ट, ‘द शिनिंग’. स्टॅन्ली कुब्रिकचा १९८० चा ‘द शायनिंग’ अनेकांनी पाहिला असेल. डोंगरातलं हॉटेल हिवाळ्यात बंद असतं, ते सांभाळायला एक लेखक बायकोमुलासह तिथे राहतो, हळूहळू त्याचं डोकं फिरतं आणि तो कुऱ्हाड घेऊन घरच्यांच्या मागे लागतो. इथे हॉटेलच्या जागी होमरचा मालक मिस्टर बर्न्स याचा डोंगरातला बंगला आहे आणि राखणदार आहे होमर, या कुटुंबाचा बाप. बर्न्स जाता जाता केबलची वायर तोडतो आणि बिअर हलवतो, म्हणजे हा मन लावून काम करेल. त्याचा सहायक स्मिदर्स विचारतो की आधीचे राखणदार वेडे होऊन घरच्यांना मारत सुटले ते यामुळेच तर नसेल? बर्न्स म्हणतो, असेलही. परत आल्यावर सगळे मेलेले दिसले तर माझ्याकडून तुला एक कोक लागू.

सगळी मेख इथे आहे. कुब्रिकच्या सिनेमात माणूस का फिरतो याचं उत्तर धुक्यातच राहतं. दारू, न जमणारं लिखाण, हॉटेलचा भूतकाळ, काय ते तुम्ही ठरवा. इथे उत्तर स्वच्छ आहे: टीव्ही नाही आणि बिअर नाही. साध्या विडंबनात मूळ प्रसंग उचलतात, त्यात आपली पात्रं उभी करतात आणि ओळखीचं हसू मिळवतात. या लेखकांनी वेडाचं कारणच बदललं आणि ते होमरच्या स्वभावातून काढलं. त्यामुळे सिनेमा न पाहिलेल्या माणसालाही गोष्ट पुरी लागते. मी स्वतः सिनेमा नंतर सहा वर्षांनी पाहिला आणि मला तोच ओळखीचा वाटला.

टाइपरायटरचा प्रसंग बघा. सिनेमात बायकोला नवऱ्याच्या कादंबरीच्या पानापानावर एकच वाक्य टंकलेलं सापडतं. इथे होमरची बायको मार्ज टाइपरायटरवरचा कागद वाचते. त्यावर ‘मजेत आहे’ एवढंच. ती निःश्वास सोडते. वीज चमकते आणि दिसतं की खोलीतल्या सगळ्या भिंती ‘टीव्ही नाही, बिअर नाही, होमर वेडा होणार’ या वाक्याने भरल्या आहेत. भीतीचा सापळा रीतसर लावला आहे, आधी दिलासा आणि मग विजेच्या उजेडात खरं चित्र. नंतर होमर येतो, तेच वाक्य म्हणायला लागतो आणि त्याला शेवटचा शब्दच आठवत नाही. मार्ज बिचारी घाबरत घाबरत तो शब्द सुचवते. तिने सुचवला म्हणून तो वेडा होतो!

मग मार्ज त्याला कोठीच्या खोलीत कोंडते. सिनेमातही हे आहे, आणि तिथे कडी बाहेरून एक भूत उघडतं, तो फार थंड प्रसंग आहे. इथे होमर कोठीत खूश. समोर डबेच डबे. बाहेरून मो या बारवाल्याच्या भुताची हाक येते, की बाबा, खुनाचं काम पुढे सरकत नाहीये, आम्हा भुतांना काळजी लागली आहे. होमर म्हणतो, आत्ता खून नाही, जेवतोय. शेवटी भुतांना आत शिरून त्याला ओढून बाहेर काढावं लागतं. म्हणजे भुतांनाही या माणसाचा आळस भारी पडतो.

आणि शेवट. बाहेर बर्फात लिसाला माळी विलीचा छोटा टीव्ही सापडतो. हातात कुऱ्हाड असलेला होमर तो बघतो आणि विरघळतो. टीव्हीला तो गुरू म्हणतो, आई म्हणतो, चोरटी प्रेयसी म्हणतो. कुटुंब वाचतं. सगळे त्या टीव्हीसमोर बसतात आणि तिथेच गोठतात. तशात टीव्हीवर नाटकांच्या टोनी पुरस्कारांचा सोहळा सुरू होतो, चॅनल बदलायला कुणाचा हात हलत नाही, आणि होमरच्या मनात खुनाची ऊर्मी पुन्हा चढायला लागते.

वेड लागलं ते टीव्ही गेला म्हणून, उतरलं टीव्ही आला म्हणून, आणि गोठून बसले तेही टीव्हीसमोरच. अवघ्या सात मिनिटांत. एका टीव्ही मालिकेने आपल्या प्रेक्षकाच्या सोफ्याकडे इतकं थेट बोट दाखवावं याचं मला आजही अप्रूप वाटतं.

दुसरी गोष्ट टोस्टर दुरुस्त करताना काळात मागे जाणाऱ्या होमरची. ती मजेदार आहे, वेगवान आहे, पण माझ्या लेखी पहिलीच्या खालची. तिसरी शाळेतली. तिथे शिक्षक मुलांना खायला लागतात. ती मला दर वेळी थोडी कमी आवडते. कल्पना एकच आहे आणि ती ताणली आहे असं वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते जरूर लिहा.

*

सह्यकडा

वा! दिवाळीआधीच फराळ मिळाला. लेख फार आवडला.

थोडी भर घालतो. होमर कुऱ्हाडीने दार फोडून डोकं आत घालतो आणि ‘हिअर्स जॉनी’ (हा आला जॉनी) म्हणतो, तो प्रसंग तुम्ही सोडलात, आणि तुमच्या टीव्हीच्या मुद्द्याला तोच सर्वांत मोठा आधार आहे. सिनेमात जॅक निकल्सनचं हे वाक्य गाजलं, पण मुळात ते टीव्हीवरून आलेलं. जॉनी कार्सनच्या ‘टुनाइट शो’मध्ये एड मॅकमेहन रोज रात्री ही हाळी देऊन कार्सनला मंचावर बोलवायचा. अमेरिकेत घराघरात ओळखीची असलेली आवडती हाळी सिनेमाने खुन्याच्या तोंडी दिली, म्हणून ती अंगावर येते.

इथे होमर पहिलं दार फोडतो तर खोली रिकामी. दुसरं फोडतो आणि टीव्हीवरच्याच दुसऱ्या एका सूत्रसंचालकाचं, डेव्हिड लेटरमनचं, नाव घेतो. आत आजोबा बसलेले, ते शांतपणे स्वतःची ओळख करून देतात. तिसऱ्या दारात बायकोमुलं सापडतात तेव्हा तो ‘सिक्स्टी मिनिट्स’ या बातमीपत्राच्या वार्ताहरांची अख्खी यादी म्हणतो, माइक वॉलेसपासून अँडी रूनीपर्यंत. केबल तुटली आहे, म्हणून हा माणूस स्वतःच चॅनल बदलत सुटला आहे. टीव्ही डोक्यात चालू आहे.

भारतात बसून १९९०च्या दशकात हे कळणं शक्यच नव्हतं. मी कामानिमित्त दोन वर्षं शिकागोत होतो, तेव्हा एका सहकाऱ्याने समजावलं.

*

चिंचपेटी

प्रचंड अनुमोदन! ‘हा माणूस स्वतःच चॅनल बदलत सुटला आहे’ हे वाचून लगेच तो प्रसंग लावला. खरंच तसं आहे.

मला बंगल्याच्या इतिहासाचं वाक्य फार आवडतं. बर्न्स सांगतो की ही जागा मूळनिवासींच्या दफनभूमीवर आहे, इथे सैतानाच्या पूजा झाल्या, चेटकिणी जाळल्या, आणि गायक जॉन डेन्व्हरचे पाच नाताळ विशेष कार्यक्रमही इथेच झाले. होमर शहारतो तो शेवटच्या माहितीवर. पुन्हा टीव्हीच!

*

उत्तररात्र

लेख चांगला आहे, पण क्रमवारी मान्य नाही. या भागातली श्रेष्ठ गोष्ट दुसरी.

तिचं मूळ रे ब्रॅडबरीच्या १९५२ च्या ‘अ साउंड ऑफ थंडर’ या कथेत आहे. तिथे शिकारी डायनॉसॉरच्या काळात जातो, त्याच्या बुटाखाली एक फुलपाखरू चिरडतं, आणि परत येतो तर निवडणुकीचा निकाल बदललेला, भाषेचं शुद्धलेखनही बदललेलं. कथा गंभीर आहे आणि त्या फुलपाखरावरच संपते. डॅनियल्स-मॅग्रा जोडीने विचारलं, की हा शिकारी एकदाच का जातो? चूक झाली तर माणूस ती सुधारायला पुन्हा जाईल ना? होमर पुन्हा पुन्हा जातो आणि प्रत्येक फेरीत नवं जग तयार होतं.

पहिल्या फेरीत तो एक डास मारतो. परत येतो तर शेजारी नेड फ्लँडर्स जगाचा सर्वाधिकारी. सगळ्यांनी हसत राहायचं, नाही हसलं तर हुक लावून ओठ ताणणार. नेडसारखा सज्जन माणूस निवडला आहे, म्हणून ते जास्त भयंकर. पुढे एका फेरीत होमर शिंकतो आणि एकामागून एक सगळे डायनॉसॉर आडवे होतात. परत येतो तर घर आलिशान, दारात महागडी गाडी, मुलं गुणी, दोन्ही मेव्हण्या वारलेल्या. सगळं मनासारखं. फक्त डोनट म्हणजे काय ते मार्जला ठाऊक नाही. होमर किंचाळत पळतो, आणि तो निसटल्यावर खिडकीबाहेर आभाळातून डोनट पडायला लागतात. त्या जगात पावसालाच तसं रूप आहे. आणखी अर्धं मिनिट थांबला असता तर!

शेवटी तो दमतो. घर तसंच दिसतंय, माणसं तीच दिसताहेत, जेवायला बसतात तर सगळ्यांच्या तोंडातून सरड्यासारख्या लांब जिभा बाहेर येतात. होमर बघतो आणि म्हणतो, चालेल, जवळपास आलं. बावीस मिनिटांतलं सर्वांत मोठं वाक्य माझ्या मते हे आहे. या माणसाने स्वर्ग सोडला डोनटसाठी आणि तडजोड केली जिभांशी.

*

हवामानखाते

@उत्तररात्र, उत्तम लिहिलंत. एक खुलासा, कारण हे दोन धागे नेहमी एकत्र गुंफले जातात. ‘बटरफ्लाय इफेक्ट’ हा शब्द ब्रॅडबरीच्या कथेतून निघाला असं बरेच जण सांगतात. तो रूढ झाला एडवर्ड लोरेन्झ या हवामानशास्त्रज्ञामुळे. १९७२ च्या त्याच्या व्याख्यानाचं शीर्षकच असं होतं, की ब्राझीलमधल्या फुलपाखराच्या पंखांच्या फडफडीने टेक्ससमध्ये वादळ उठेल का? त्याआधी १९६० च्या सुमारास त्याने संगणकावर हवामानाचं एक गणित पुन्हा चालवलं, एक आकडा दशांश चिन्हानंतर सहा स्थळांऐवजी तीनच स्थळांपर्यंत भरला आणि उत्तर पार भरकटलं. माझा रोजचा व्यवसाय याच गणितांचा आहे, त्यामुळे होमरच्या फेऱ्या बघताना मला आमची प्रारूपं आठवतात. सुरुवातीला तसूभर फरक, शेवटी वेगळंच जग.

तिसऱ्या गोष्टीचा लेखक कोहेन हाही विज्ञानाचाच. हार्वर्डला भौतिकशास्त्र, बर्कलीला संगणकशास्त्र. पुढे १९९९ मध्ये ‘सिम्पसन्स’चा जनक मॅट ग्रेनिंग याच्याबरोबर ‘फ्युचरामा’ ही मालिका त्यानेच उभी केली.

*

पाटीपेन्सिल

मी सतरा वर्षं शाळेत शिकवते आहे आणि तिसऱ्या गोष्टीच्या बाजूने उभी राहणार आहे.

निवांतताई, तुम्ही म्हणता कल्पना एकच आहे. मला ती एक कल्पना वाटत नाही, उतार वाटतो. सुरुवात कशी होते बघा. शाळेसमोर दोन अडचणी आहेत. शिक्षेच्या वर्गात मुलं मावत नाहीत, आणि जेवणाच्या पैशात कपात झाल्यामुळे हलक्यातलं हलकं मांस वापरावं लागतंय. पिंपावर लिहिलेलं असतं, मुख्यतः सर्कशीतले प्राणी. मुख्याध्यापक स्किनर या दोन अडचणी शेजारी शेजारी ठेवतो आणि त्याला एक उत्तर सुचतं. राक्षस नाही, शाप नाही. कागदावर दोन ओळी जुळल्या.

पहिला बळी जिंबो, गुंड मुलगा. त्याच्याबद्दल कुणाला हळहळ नाही. मग जर्मनीहून आलेला उटर. मग कुणीही. शिक्षक फुगत जातात, पट रोडावत जातो. आणि वर्गातल्या कुणालाच हे लपवायची गरज वाटत नाही. स्किनर मुलांसमोर ढेकर देत बोलतो.

पण माझ्या छातीत धस्स झालं ते मार्जच्या प्रसंगाला. बार्ट आणि लिसा धावत घरी येतात, आईला सांगतात की शिक्षक मुलांना मारून खाताहेत. ती म्हणते, तुम्ही आता आठ आणि दहा वर्षांचे झालात, तुमच्या सगळ्या लढाया मी लढू शकत नाही, परत जा आणि त्यांना ठणकावून सांगा, मला खाऊ नका. हे वाक्य मी पालकसभेत वेगवेगळ्या रूपांत ऐकलं आहे. मूल काहीतरी सांगू बघतं आणि मोठं माणूस ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून मोकळं होतं. मार्ज वाईट आई नाही, मालिकेतली सर्वांत मायाळू व्यक्ती ती. म्हणून तर हे लागतं.

जोनाथन स्विफ्टने १७२९ मध्ये ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’ लिहिलं. त्यात आयर्लंडमधल्या गरिबांची मुलं श्रीमंतांच्या ताटात वाढावीत असा हिशेबी प्रस्ताव आहे, आकड्यांसकट. ही गोष्ट त्या वंशातली आहे. हिशेब बिनचूक झाला की माणसं काय मान्य करतात ते दाखवणारी.

*

निवांत_दुपार

@पाटीपेन्सिल, तुमचा प्रतिसाद वाचून मी तिसरी गोष्ट परत लावली. मार्जचा तो प्रसंग मी आजवर नुसता हसून सोडला होता. मुलं शाळेत परत जातात तेव्हा त्यांची पाठ दिसते तो क्षण आज नीट पाहिला. ‘ताणली आहे’ हे माझं म्हणणं मागे घेते.

@सह्यकडा, चॅनल बदलण्याचा मुद्दा लेखातच यायला हवा होता. आता प्रतिसादात आहे तेही छान.

@उत्तररात्र, जिभांचा शेवट मलाही प्रिय आहे. तरी पहिल्या क्रमांकावरून ‘शिनिंग’ हलणार नाही.

*

न्यूजर्सीकर_मावशी

आमच्याकडे हा भाग २०२४ मध्ये मुद्दाम लावला होता. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली होती. पहाटे उटणं लावून अभ्यंगस्नान, ऑफिस, आणि संध्याकाळी नातवंडं सांगाडे आणि चेटकिणी बनून शेजारच्या घरांतून चॉकलेटं गोळा करायला. एकीकडे पणत्या, एकीकडे कोरलेला भोपळा, दोन्ही एकाच पायरीवर.

मुद्दाम लावायचं कारण वेगळं. त्याच सप्टेंबरात जेम्स अर्ल जोन्स गेले. दुसऱ्या गोष्टीत एका वेगळ्या जगात बाळ मॅगी माळी विलीला कुऱ्हाड घालते, तोंडातली चोखणी काढते आणि त्या भारदस्त आवाजात म्हणते, की हे विश्व खरोखर अस्वस्थ करणारं आहे. तो आवाज त्यांचा. १९९० च्या अगदी पहिल्या हॅलोविन भागातही ते होते. एडगर ॲलन पोची ‘द रेव्हन’ ही कविता त्यांनी वाचली होती. विनोदी कार्टूनमध्ये १८४५ ची कविता जवळपास जशीच्या तशी, आणि खाली होमर-बार्टची धडपड. माझ्या मुलीला शाळेत ती कविता होती, तिला ती आवडली ती या भागामुळे.

*

भुईमुगाचीशेंग

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला दाखवू का? कार्टून आहे म्हणून विचारते.

*

पाटीपेन्सिल

नको. रक्त भरपूर आहे, आणि तिसऱ्या गोष्टीच्या शेवटी मुलं मोठ्या मिक्सरवर लटकतात. पुढे बार्टला जाग येते, पण लगेच खिडकीतून एक धुकं येतं आणि घरच्या सगळ्यांची कातडी उलटी होते. त्याच अवतारात ते नाच-गाणं करतात. बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या मुलांना शेजारी बसून दाखवा. पहिला, १९९० चा भाग सौम्य आहे, पण तोही आधी तुम्ही बघा.

*

जुनीपुस्तके

फार दिवसांनी इथे असा धागा आला. माझ्याकडून हे.

भागाची सुरुवात कुणी काढली नाही. मार्ज पडद्यापुढे येऊन सांगते की आजचा भाग इतका भयंकर आहे की काँग्रेस (अमेरिकेची संसद) तो दाखवू देत नाही, त्याऐवजी ग्लेन फोर्डचा एक जुना सिनेमा बघा. मग बार्ट आणि होमर टीव्हीचा ताबा घेतात. त्या काळी अमेरिकेत टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध लोकप्रतिनिधींनी आवाज उठवला होता. मालिकेचा तेव्हाचा प्रमुख डेव्हिड मर्किन याने त्याला उत्तर म्हणून या भागात मुद्दाम जास्तीत जास्त रक्त ओतलं.

आता चाळीस वर्षं मागे जा. या हॅलोविन भागांची प्रेरणा १९५० च्या दशकातली ईसी कंपनीची भयकॉमिक्स, ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ वगैरे. एका अंकात तीन-चार सुट्या गोष्टी, प्रत्येकीला शेवटी क्रूर कलाटणी, त्यातही विनोद. श्रेयनामावलीत मॅट ग्रेनिंगचं ‘बॅट ग्रेनिंग’ होतं ती भुताळी नावांची तऱ्हाही या अंकांवरूनच घेतलेली. १९५४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे या कॉमिक्सची सुनावणी झाली. प्रकाशक विल्यम गेन्स स्वतः साक्षीला गेला. त्याच वर्षी कॉमिक्स व्यवसायाने स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि ईसीची भयकॉमिक्स बंद पडली.

म्हणजे १९५४ मध्ये सुनावणीनंतर मेलेली कॉमिक्स, आणि बरोबर १९९४ मध्ये त्यांचं वारस कार्टून म्हणतंय, काँग्रेस आम्हाला दाखवू देत नाही. मार्जच्या त्या ओळीवर मी दर वेळी थांबतो. गेन्स १९९२ मध्ये वारला, त्याला हा भाग बघायला मिळाला नाही याचं वाईट वाटतं.

अवांतर: स्टीफन किंगचा विषय निघालाच आहे, कारण ‘द शायनिंग’ मूळ त्याची १९७७ ची कादंबरी. मराठीत किंग पोचला तो नारायण धारपांमुळे. त्यांची ‘आजी’ ही कथा किंगच्या ‘ग्रॅमा’वर बेतलेली, आणि तिचा एक धागा पुढे २०१८ च्या ‘तुंबाड’ सिनेमापर्यंत गेला. धारपांनी ती भीती मराठी घरात आणली, सिम्पसन्सवाल्यांनी होमरच्या घरात. घर बदललं की भीतीचं कारणही बदलावं लागतं, हे दोन्हीकडे सारखंच दिसतं. मूळ लेखातला मुद्दा मला म्हणून इतका पटला.

*

उत्तररात्र

@जुनीपुस्तके, १९५४ चा संबंध अफाट आहे. हे सगळं वेगळ्या लेखात यायला हवं. पुढील लेखनास शुभेच्छा.

*

सह्यकडा

कुणीतरी मला व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं, की हॅलोविनचे भाग बरेचदा नोव्हेंबरात का लागतात. कारण बेसबॉल. वर्ल्ड सीरिजचे सामने फॉक्सवर असतात आणि ते ऑक्टोबरच्या शेवटीच येतात. २००० सालचा अकरावा भाग १ नोव्हेंबरला लागला होता, पुढे बरीच वर्षं तसंच चाललं.

*

चिंचपेटी

माळी विलीबद्दल कुणी एकत्र लिहिलं नाही म्हणून लिहिते. मला हा भाग त्याच्यामुळे एकसंध वाटतो. तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण तिन्हींत विली मदतीला येतो आणि तिन्हींत त्याच्या पाठीत कुऱ्हाड बसते. आधी होमर, मग मॅगी, मग स्किनर.

पहिल्या गोष्टीत हे थेट सिनेमावरून आहे. तिथे हॉटेलचा आचारी हॅलोरन मुलाची मूक हाक ऐकून फ्लोरिडाहून बर्फातून इतका लांब येतो आणि आत पाऊल टाकताच मारला जातो. किंगच्या कादंबरीत तो जगतो. कुब्रिकने त्याला मारलं, आणि प्रेक्षकाची मदतीची आशाच काढून घेतली. विलीही बार्टला आधी सांगून ठेवतो, संकटात मला मनातून हाक मार, तुला ‘शिनिंग’ आहे. बार्ट म्हणतो, ‘शायनिंग’ ना? विली त्याला गप्प करतो, खटला भरून घ्यायचा आहे का? मग तो स्वतःचा टीव्ही बघत बसलेला असताना हाक ऐकतो, टीव्ही हातात घेऊनच बर्फातून येतो आणि मरतो. तो टीव्ही बर्फात पडतो म्हणून लिसाला सापडतो. म्हणजे कुटुंब वाचतं ते विलीमुळेच, त्याच्या मरण्यामुळे नाही, त्याच्या टीव्हीमुळे.

*

निवांत_दुपार

चिंचपेटी, विलीचा टीव्ही बर्फात सापडतो हे मी लेखात लिहिलं आणि त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नाही. किती सुंदर जोडलंत.

काल रात्री लेकीबरोबर परत बघितला, ती चौदाची आहे. दुसऱ्या गोष्टीत विली आला तेव्हाच ती म्हणाली, आता कुऱ्हाड. तिसऱ्या गोष्टीत तो मुलांना वाचवायला आला, स्किनरची कुऱ्हाड बसली आणि विली पडता पडता म्हणाला की मला हे काही नीट जमत नाही. ती हसली नाही. म्हणाली, पण तो तिन्ही वेळा आला ना.